३०७ ची (खुनाच्या प्रयत्नाची) केस आपसात मिटवली तर शिक्षेचं काय होतं?

बांधाकडची

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हे वाचून काहीजण चकित होतील. पण विचारायला दुसरी जागा नाही. ओळखीत विचारलं की ओळखीतलाच सल्ला मिळतो.

गाव करवीर तालुक्यातलं आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सकाळी भावकीतलं कुणीतरी "सहज आलो होतो" म्हणत चहाला येऊन बसेल.

आमचं आणि चुलत्यांचं रान शेजारी शेजारी. मधला बांध दरवर्षी नांगरटीला एकेक तास (नांगराची ओळ) आमच्या बाजूला सरकत होता. २०२२ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ त्यावरून बोलला. शब्दाला शब्द लागला आणि चुलत भावानं हातातला ऊसतोडीचा कोयता उगारला. वार डोक्यावरच यायचा, पण भावानं डावा हात आडवा घातला. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नेईपर्यंत टॉवेल बदलावा लागला दोनदा.

जीव वाचला. पण मनगटाच्या वरच्या नसा तुटल्या होत्या, त्या जोडूनही करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजपर्यंत वळत नाही. लांबून बघणाऱ्याला कळतही नाही. म्हशीची धार काढायला मात्र अख्खी मूठ वळावी लागते. दोन बोटं सरळ राहिली की सड निसटतो, म्हैस पाय झाडते. आमच्याकडं चार म्हशी, संकलनाला दोन्ही वेळा दूध जातं. भाऊ धार काढायचा तेव्हा बादलीत फेस वर यायचा. आता आई काढते, गुडघे धरून बसते आणि गुडघे धरून उठते.

पोलिसांनी ३०७ आणि ३२६ (हत्यारानं गंभीर दुखापत) लावलं. चुलत भाऊ तेव्हा २४ वर्षांचा. पाच महिने कळंब्याच्या तुरुंगात होता, मग जामीन झाला. दोषारोप ठेवून झालेत, साक्षी अजून सुरू नाहीत. कसबा बावड्याच्या कोर्टात जायचं, दुपारपर्यंत बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं.

आता गणपतीत आत्या मध्यस्थी घेऊन आली. तीन लाख देतो म्हणतात, बांध जुन्या खुणेवर घालून देतो म्हणतात, तुम्ही केस मिटवा. अचानक शहाणपण सुचायचं कारण उघड आहे. पोरगं २७ चं झालं, आणि ३०७ चालू असलेल्या घरात मुलगी कोण देणार? वडील तयार आहेत, मोठ्या भावाचं घर आहे शेवटी. आई काही बोलत नाही. ज्याचा हात गेला तो तर अजिबातच बोलत नाही.

माझे प्रश्न: अशी केस मिटते का? मिटली तर त्याला शिक्षा होतच नाही, की कमी होते? आणि तिसरा, जो मला खातोय. त्यांच्या बाजूच्या एकानं सुचवलंय, कागदपत्रं वगैरे काही नको, साक्षीला उभं राहिल्यावर "अंधारात नीट ओळखलं नाही" म्हणा, झालं काम. घटना दुपारी साडेबाराची आहे हो.

तांबडा_पांढरा

ताई, मिटवून टाका. कोर्टाची पायरी चढलेला माणूस पायतान झिजवूनच परत येतो. आमच्यात एक केस अकरा वर्षं चालली, फिर्यादी मेला, आरोपी म्हातारा झाला, आणि निकालाच्या दिवशी दोघांची नातवंडं एकाच तालमीत कुस्ती खेळत होती. तीन लाखांचे पाच करा आणि मोकळे व्हा. रोज बांधावर तोंड बघायचंय एकमेकांचं.

शनिवारपेठी

पाच करा म्हणे! म्हणजे बोटाचे अडीच लाख प्रति नग? ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं कोयता चालवावा आणि भरपाई देऊन लग्नाला उभं राहावं, असा कायदा असेल तर उद्या ऊसतोडीबरोबर वारांचा पण दर ठरवू. गंभीर गुन्हा सरकारविरुद्ध असतो. तडजोड वगैरे काही चालत नाही. धागा इथेच संपायला हवा.

तांबडा_पांढरा

साहेब, तुमचं रान कुठं आहे? नसलं तर बांधावर बोलू नका.

काळा_डगला

दोघंही अर्धे बरोबर आहात, त्यामुळे धागा इथे संपणार नाही. मी फौजदारी बाजूला काम करतो, पण ताई, तुमचे कागद पाहिलेले नाहीत आणि मी तुमचा वकील नाही, हे धरून वाचा.

आधी एक गोष्ट. कोणता गुन्हा आपसात मिटतो याची कायद्यात यादीच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२०, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ३५९. साधी मारहाण, ३२३, ही जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो. हत्याराशिवायची गंभीर दुखापत, ३२५, न्यायालयाच्या परवानगीनं मिटते. तुमची ३०७ आणि ३२६ या यादीत नाहीत. म्हणजे तुम्ही दोघांनी सत्र न्यायालयात जाऊन "मिटलं साहेब" म्हणालात तरी न्यायाधीश केस बंद करू शकत नाहीत. शनिवारपेठींचं म्हणणं इथपर्यंत खरं.

पण उच्च न्यायालयाला स्वतःचे अंगभूत अधिकार आहेत (जुनं ४८२, नवं ५२८). त्या अधिकारात यादीबाहेरचा खटलाही रद्द होऊ शकतो. ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य, २०१२, तीन न्यायमूर्तींचं पीठ. त्यांनी सांगितलं की खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे पक्षकारांच्या तडजोडीवर रद्द करायचे नाहीत, कारण त्यांचा घाव समाजावर असतो. मात्र मूळचा वाद दिवाणी, पैशाचा किंवा घरगुती असेल तर विचार करता येतो.

३०७ या दोन्हींच्या मधल्या बांधावर उभी आहे. २०१४ च्या नरिंदरसिंग निकालात न्यायालयानं म्हटलं, फक्त ३०७ लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. वार शरीराच्या कुठल्या भागावर, हत्यार कोणतं, वैद्यकीय अहवाल काय म्हणतो, ते पाहा. आणि तडजोड कधी झाली तेही पाहा. दोषारोप ठेवलेत पण साक्षी सुरू नाहीत, अशा टप्प्यावर न्यायालय उदार होऊ शकतं. पुरावा जवळजवळ संपला, युक्तिवादाला आलं, की सहसा हात आखडतं. २०१९ मध्ये लक्ष्मी नारायण प्रकरणात आणखी घट्ट केलं: आरोपीचा पूर्वेतिहास कसा आहे, तो फरार होता का, तडजोड कशी घडवून आणली, हे सगळं तपासा. तुम्ही नेमक्या उदार टप्प्यावर आहात. आत्याबाईंना कायदा माहीत नसेल, पण त्यांच्या वकिलाला नक्की माहीत आहे. लग्न हे एक कारण झालं. साक्षी सुरू व्हायच्या आत, हे दुसरं.

बांधाकडची

म्हणजे मुंबईला जावं लागणार?

काळा_डगला

आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडं कोल्हापुरातच बसतं. चाळीसेक वर्षं त्यासाठी वकील मोर्चे काढत होते. सहा जिल्ह्यांचं काम भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालतं.

बांधाकडची

सीपीआरच्या समोर? जिथं त्याच्या हाताला टाके घातले, त्या दारासमोरच "काही झालं नाही" असा अर्ज द्यायचा. बरं.

काळा_डगला

"काही झालं नाही" असा नसतो तो अर्ज, "झालं, पण पुढं चालवायची इच्छा नाही" असा असतो. तुमच्या भावाचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि पुष्कळदा न्यायमूर्ती जखमीला समोर उभं करून विचारतात, दबाव आहे का. पण तुमचं म्हणणं मला कळलं. आता जे मुळात विचारलंत, शिक्षेचं, ते सांगतो. हा रस्ता लोकांना माहीतच नसतो.

खटला रद्द न करता तो चालवायचा. साक्ष खरी द्यायची. दोष सिद्ध झाला तर न्यायाधीश लगेच शिक्षा सांगत नाहीत, शिक्षेवर वेगळं ऐकून घ्यावं लागतं (जुनं २३५ पोटकलम २, नवं २५८). तिथे तडजोड मांडता येते. ईश्वरसिंग विरुद्ध मध्य प्रदेश, २००८: ३०७ चीच केस. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा गुन्हा मिटवता येत नाही, दोष कायम. पण पक्षकारांत समेट झालाय ही गोष्ट शिक्षा किती द्यायची हे ठरवताना धरता येते. आणि भोगलेल्या कैदेवर शिक्षा आणली. त्याच्याही आधी, १९७३ मध्ये राम पूजन प्रकरणात ३२६ ला हेच केलं होतं, वर दंड लावून तो जखमींकडे वळवला.

३०७ ला दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण कमीत कमी किती हे लिहिलेलं नाही. जुन्या ३२६ लाही तसंच. म्हणून न्यायाधीशाला खाली यायला जागा असते. घटना १ जुलै २०२४ नंतरची असती तर ३२६ च्या जागी नव्या न्याय संहितेतलं ११८ (२) लागलं असतं, त्यात किमान एक वर्ष कैद आहे. मग कितीही गळ्यात गळे घातले तरी वर्षाच्या खाली न्यायाधीश जाऊ शकत नाही. तारखेनं माणसाचं नशीब बदलतं ते असं.

आणि हे हक्कानं मागता येत नाही, हेही लक्षात ठेवा. समेट हे अनेक गोष्टींपैकी एक वजन. कोयत्याचा वार डोक्याच्या रोखानं होता, हे पारड्यात दुसऱ्या बाजूला राहतंच.

निवृत्त_हवालदार

वकीलसाहेबांनी पुस्तकातलं बरोबर सांगितलं. मी बारनिशीतलं, म्हणजे पोलीस ठाण्यातलं, सांगतो. चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी ग्रामीणला.

मिटवामिटवीच्या शंभरातल्या बहुतेक केसा ना उच्च न्यायालयात जातात ना शिक्षेच्या सुनावणीपर्यंत. त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मिटतात. फिर्यादी येतो, मान खाली घालतो, "आठवत नाही" म्हणतो. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतात, उलटतपासणी घेतात. पोलिसांपुढचा जबाब सहीचा नसतो, त्यामुळं "मी असं सांगितलंच नाही" म्हणायला मोकळा. आम्ही मागच्या बाकावर बसून बघायचो. तपासाला सहा महिने घातलेले असायचे, रक्ताची माती डबीत भरून पाठवलेली असायची.

ताई, तुम्हाला जे "अंधार होता" सुचवलंय ते हेच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. खोटी साक्ष हा गुन्हा आहे आणि तो आधी तुमच्या भावावर लागेल. लागतो क्वचित, हे पण खरं सांगतो. दुसरी गोष्ट, एकदा आरोपी निर्दोष सुटला की ठरलेल्या पैशाचा उरलेला हप्ता द्यायला त्याला कोण सांगणार? तोंडी व्यवहार, तोही बेकायदा कामाचा. एका गावात मी बघितलंय, निकालाच्या दुसऱ्या दिवशी बांध परत सरकला.

तांबडा_पांढरा

हवालदारसाहेब, शेवटचं वाक्य वाचून गप्प बसलो. आमच्या त्या अकरा वर्षांच्या केसमधी बी असंच झालं होतं, ते सांगायचं राहिलं.

मधली_ओळ

मला इथे थोडं कडू बोलायचं आहे. मी स्त्रियांच्या मदत केंद्रात काम करते. "मिटवा" हा शब्द आमच्याकडे रोज येतो आणि तो जवळजवळ कधीच जिच्यावर बेतलं तिच्या तोंडून येत नाही. मामा येतात, पोलीस पाटलांना ओळखणारे येतात, मुलीच्या लहान बहिणीचं लग्न कसं होईल हे सांगायला बायका येतात. मुलगी कोपऱ्यात बसलेली असते.

बलात्काराच्या गुन्ह्यात एके काळी न्यायालयाला "विशेष कारण" लिहून किमान शिक्षेच्या खाली जाता येत होतं, आणि तडजोड हे त्या विशेष कारणाचं सोंग घेऊन यायची. २०१३ च्या दुरुस्तीनं ती पळवाट काढली. त्याच वर्षी शिंभू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की तडजोड हे अशा गुन्ह्यात शिक्षा कमी करायचं कारण होऊ शकत नाही. २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणात पुन्हा. तरीही २०२० मध्ये मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना पीडितेकडून राखी बांधून घ्यायची अट घातली गेली. ती पुढच्या वर्षी मार्चमध्ये रद्द झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाचा खटला, विद्यार्थिनीच्या पालकांशी समझोता झाला म्हणून रद्द केलेला, सर्वोच्च न्यायालयानं परत सुरू करायला लावला.

ताईंची केस वेगळी आहे, मान्य. पण त्यांच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य परत वाचा: वडील तयार, आत्या मध्यस्थ, आणि "ज्याचा हात गेला तो अजिबात बोलत नाही". मला ते वाक्य फार ओळखीचं वाटलं.

शनिवारपेठी

+१. मी आधी जरा तिरकस लिहिलं त्याबद्दल माफी, पण मुद्दा तोच होता.

खाडीपार

मी सौदीत दम्मामला असतो. इथं खुनाच्या खटल्यात मयताच्या वारसांनी माफ केलं, सोबत रक्तपैसा घेतला किंवा न घेतला, तर फाशी टळू शकते. २०२४ मध्ये केरळच्या एका ड्रायव्हरसाठी लोकवर्गणीतून ३४ कोटी रुपये उभे राहिले होते, आमच्या कॅम्पातल्या मराठी पोरांनी पण टाकले होते. फाशी रद्द झाली. पण घरी सोडला नाही. वारसांचा हक्क वेगळा आणि सरकारचा हक्क वेगळा, असं म्हणून २०२५ मध्ये त्याला २० वर्षांची कैद सांगितली, आधी काढलेली वर्षं त्यात धरून. म्हणजे जिथं माफीला एवढं वजन आहे तिथं पण सरकार म्हणतंच, तुमचं मिटलं, आमचं राहिलंय.

स्टुटगार्टची_सून

जर्मनीत १९९४ पासून दंड संहितेतच ४६ अ म्हणून कलम आहे. आरोपीनं नुकसान भरून काढलं किंवा मनापासून तसा प्रयत्न केला, तर न्यायाधीश शिक्षा सौम्य करू शकतो. छोट्या शिक्षेच्या प्रकरणात माफही. फक्त पैसे फेकून चालत नाही, दोघांमध्ये संवाद व्हावा लागतो, आरोपीनं जबाबदारी घ्यावी लागते. माझा नवरा एका अशा मध्यस्थी केंद्रात स्वयंसेवक होता. तो सांगायचा, सगळ्यात अवघड क्षण पैशाचा नसतोच. जखमी माणूस विचारतो "मलाच का?" आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही. आपल्याकडे आत्या मधे बसली की हा प्रश्न विचारलाच जात नाही, चहा येतो.

तांबडा_पांढरा

"चहा येतो" 😀 खटक्यावर बोट.

काळा_डगला

पैशाबद्दल राहिलं होतं. ताई, तीन लाख हातावर घेऊ नका, कुठल्याच रस्त्यानं गेलात तरी.

लोक समजतात, आरोपीनं स्वखुशीनं दिले तरच पैसे. तसं नाही. दोषी ठरवताना न्यायालय स्वतः भरपाई द्यायला लावू शकतं, जुनं कलम ३५७, नवं ३९५. २०१३ मध्ये अंकुश गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला, आपल्याच राज्यातला. शेतातून जाताना कुत्रा भुंकला, कुत्र्याला मारलं, त्यावरून भांडण, डोक्यात एक पाइप आणि माणूस गेला. शिक्षेचा भाग एका बाजूला, पण न्यायालयानं सगळ्या खालच्या न्यायालयांना बजावलं की भरपाईचा विचार केला की नाही, आणि का, हे निकालात लिहा. नाही लिहिलं तर चूक. म्हणून शिक्षेच्या सुनावणीत सरकारी वकिलांना सांगा, हातावरच्या इलाजाची बिलं, अपंगत्वाचा दाखला, दुधाच्या संकलनाची आधीची आणि नंतरची पुस्तकं हजर करा. धार काढता येत नाही हे न्यायाधीशाला आपोआप कळणार नाही. ते कागदावर आणावं लागतं. उद्या दिवाणी दावा केलात तर ही रक्कम त्यात धरली जाते, दोनदा मिळत नाही.

आणि समोरच्याला खरंच मिटवायचं असेल तर त्यानं रक्कम कोर्टात जमा करावी, निकालाच्या आधी. शिक्षा ठरवताना "देणार आहे" याला काही किंमत नसते, "भरले" याला असते.

प्रश्नचिन्ह_७२

मध्येच घुसतो. माझे वडील अपघातात गेले. ट्रकवाल्याचे मालक म्हणाले दोन लाख घ्या आणि केस मागे घ्या. घ्यावी का?

काळा_डगला

वाईट वाटलं ऐकून. निष्काळजीपणानं मृत्यू, जुनं ३०४ अ, हेही मिटण्याच्या यादीत नाही. आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातली नुकसानभरपाई हा पूर्ण वेगळा दावा आहे, तो फौजदारी केसच्या निकालावर थांबत नाही. दोन लाखांच्या कागदावर "यापुढे काही मागणार नाही" असं असेल तर सही करू नका. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

गोठ्यातून

तंटामुक्ती समितीत चार वर्षं होतो. २००७ च्या स्वातंत्र्यदिनाला मोहीम सुरू झाली तेव्हा गावात उत्साह होता. बांध, पाट, वाटणी, नळ, असलं शेकड्यानं मिटवलं. पण कुणाच्या अंगावर कोयता गेला की आम्ही हात वर करायचो, ते आमचं काम नव्हेच. तरी लोक यायचे, "तुम्ही नुसतं बसा" म्हणायचे. एकदा बसलो. जखमी पोरगा माझ्यासमोर हो म्हणाला. बाहेर आल्यावर त्याच्या बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की नंतर त्या गल्लीनं जाताना मी सायकलवरनं उतरत नव्हतो.

बांध सरकला म्हणून भांडण झालं ना? मग आधी मोजणी करा. बांध कुठला हे ठरल्याशिवाय समेट कसला. "जुन्या खुणेवर" म्हणजे कुणाच्या जुन्या?

बांधाकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिता आलं नाही, कारण घरात बरंच घडलं.

मधली_ओळ यांची पोस्ट वाचून मी भावाला एकटं गाठलं. गोठ्यात, संध्याकाळी. आई धार काढत होती आणि तो वैरण टाकत होता, उजव्या हातानं. मी म्हणाले, तुला काय वाटतं ते तुला अजून कुणी विचारलेलंच नाही. तो म्हणाला, "विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं." मग थांबून म्हणाला, "केस रद्द झाली म्हणजे झालंच नाही असं होतंय. आणि त्याला दहा वर्षं आत घालून माझी बोटं वळणार हाईत का?"

मी त्याला वकीलसाहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दोन्ही रस्ते, आणि तो तिसरा, अंधाराचा. अंधाराच्या रस्त्यावर तो हसला. शिक्षेच्या सुनावणीचं मात्र त्यानं तीनदा विचारलं. साक्ष खरी द्यायची, आणि नंतर वेगळं बोलता येतं? न्यायाधीश ऐकतात? मी म्हणाले, ऐकू शकतात, मानलंच पाहिजे असं नाही.

रविवारी आत्या आली. यावेळी भाऊ बसला समोर. त्यानं सांगितलं, मी उच्च न्यायालयात येणार नाही. कोर्टात जे झालं तेच सांगणार, दुपारी साडेबारा म्हणून. पैसे द्यायचे तर कोर्टात भरा. आणि न्यायाधीशांनी मला विचारलं तर मी सांगीन, ह्याला कमी द्या.

आत्या म्हणाली, मग लग्नाचं काय? भाऊ म्हणाला, त्याला इथं येऊन बस म्हणावं.

वडील दोन दिवस बोलले नाहीत. काल म्हणाले, मोजणीचा अर्ज कुठं द्यायचा. (गोठ्यातून काका, तुमच्यामुळे.)

काळा_डगला

अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात. सातबारा सोबत न्या, लगतच्या खातेदारांना नोटीस ते काढतात. आणि एक: सरकारी वकिलांना साक्षीआधी एकदा भेटा, पैशाच्या प्रस्तावाचं त्यांना तुमच्याकडून कळू द्या. उलटतपासणीत आरोपीचा वकील "तुम्ही पैसे मागितले" असं नक्की सुचवणार.

निवृत्त_हवालदार

भावाला सांगा, उलटतपासणीत घाई करू नको. प्रश्न पूर्ण ऐकायचा. जखमी माणसाच्या साक्षीला कोर्ट वजन देतं, कारण तो तिथं होता हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. माहीत नाही तिथं "माहीत नाही" म्हणायचं, आठवत नाही तिथं तसं. फक्त जे आठवतंय ते आठवत नाही असं म्हणायचं नाही.

तांबडा_पांढरा

आणि चुलत भाऊ? आला का बसायला?

बांधाकडची

अजून नाही. पण आज सकाळी संकलनाच्या रांगेत आमच्या मागं उभा होता. भावाच्या हातात किटली होती, उजव्या. त्यानं पुढं होऊन झाकण काढून दिलं. दोघं काही बोलले नाहीत. मापाचा आकडा आला, आम्ही निघालो.

तारीख पुढच्या महिन्यात १४ ला आहे. काय होतं ते लिहीन.